सदरला गाणी, गोळीबार चौकात सावजी

आधीच सांगून ठेवतो, नागपुरातली ही संध्याकाळ दोन ठिकाणी वाटून घ्या. बसायला आणि गाणं ऐकायला सदर, जेवायला गोळीबार चौक. एकाच जागी सगळं उरकायला गेलात तर सावजीच्या, म्हणजे इथल्या तिखटजाळ रश्श्याच्या, नावाखाली लाल रंगाची ग्रेव्ही खाऊन याल.

पुण्याचे साडू आले होते, त्यांना घेऊन शनिवारी निघालो. मेट्रोच्या ऑरेंज लाइनवर कस्तुरचंद पार्कला उतरायचं आणि ऑटो करायचा. स्वतःची गाडी नेऊच नका. पार्किंगची बोंब, आणि परत चालवणार कोण?

1861 साली नागपूर मध्य प्रांताची राजधानी झालं. साहेबांच्या सिव्हिल लाइन्सला लागून असलेल्या सदरच्या तोंडवळ्यावर तो काळ अजून दिसतो. आम्ही बसलो तो बारही त्याच घडणीचा. जाड भिंती, उंच छत, लांब दांड्यांचे पंखे. मे महिन्यात बाहेर रात्री आठलाही झळा लागत होत्या, आत कूलरवर भागलं.

गाणारा एक, सोबत कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड. फर्माईश कागदी नॅपकिनवर लिहून वेटरकडे द्यायची. कीबोर्डवाला चिठ्ठ्या स्टँडच्या कडेला खोचतो आणि एका पट्टीतली गाणी सलग लावतो, म्हणून आधी चिठ्ठी दिली की आधी गाणं, असा हिशोब नाही. शेजारच्या टेबलावरचे काका शेवटी ओरडलेच, "माह्या गाण्याचा नंबर कधी लागते बे?" गाणाऱ्यानं हातानंच थांबा म्हटलं, चालू गाणं संपवलं आणि काकांचं इतकं सावकाश, आळवून घेतलं की ग्लासांची किणकिण थांबली. काका मात्र अंतऱ्यात स्वतःच गायला लागले. असो. स्पीकरखालचं टेबल घेऊ नका, भिंतीकडचं मागा.

शनिवारी टेबल फोनवर सांगून ठेवा. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, तिकडचीही मंडळी इथे भेटतात. बिअरसाठी वय 21 आणि कडक दारूसाठी 25 पूर्ण लागतं. कोवळ्या चेहऱ्यांनी आधार कार्ड ठेवावं. ड्राय डे तपासा. आणि डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन असताना मुक्कामाचा बेत आखू नका, लॉजच्या खोल्यांचे भाव पाहूनच उतरेल.

चकण्यावर पोट भरू नका. आम्ही साडेनऊला उठलो, कारण उशीर झाला की खूर आणि सुंदरी, म्हणजे बकऱ्याची आतडी, संपलेली असते. सावजी हे मुळात हलबा कोष्टी विणकरांच्या घरचं जेवण, आणि चांगली भोजनालयं अजून तशीच साधी आहेत: लोखंडी टेबल, स्टीलची ताटं, मेनू वेटरच्या तोंडी. काळपट रस्सा, वर तेलाचा जाड तवंग. पोऱ्यानं विचारलं, "साहेब, तर्री कमी टाकू का?" साडू म्हणाले, जशी आहे तशी. तिसऱ्या घासाला त्यांच्या कपाळावर घाम, पाचव्याला नाक वाहायला लागलं, तरी भाकर थांबली नाही. पहिल्यांदा खाणाऱ्यांनी तवंग भाकरीनं बाजूला सारून खालचा रस्सा घ्यावा, लिंबू पिळावं. पाण्यानं तिखट शमत नाही.

रोख पैसे जवळ असू द्या. मेट्रोची शेवटची गाडी दहाच्या सुमारास असते, ती गाठायच्या नादात जेवण आवरू नका. ऑटोनं परत या, फक्त भाडं बसायच्या आधी ठरवा.