आमची वाटचाल : रातांबे, निळे ड्रम आणि तुतारी एक्सप्रेस

आमच्या आगळाच्या, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाच्या, बाटलीवर मागच्या बाजूला चार ओळी छापल्यात, "शहर सोडून मातीकडे परतलेलं कुटुंब" वगैरे. लेबल डिझाईन करणाऱ्या मुलाने लिहिल्या, छपाईची घाई होती, मी ओके म्हणून टाकलं. प्रत्यक्षात कुटुंब काही परतलं नाही, परतलो मी आणि पाचवीत जाणारी मुलगी. मिस्टर डोंबिवलीलाच राहिले, अजूनही तिथेच आहेत. तर ही थोडी लांबलचक आवृत्ती.

2012 मध्ये सासरे गेले. कुडाळ तालुक्यातलं घर, मागे वाडी, सासूबाई एकट्या आणि डोंबिवलीला यायचं नाव काढलं की त्या सरळ उठून गोठ्याकडे जायच्या. मी ठाण्याला एका ऑफिसात अकाउंट्स बघायचे. फ्लॅटचा हप्ता चालू होता म्हणजे दोघांनी नोकरी सोडायचा प्रश्नच नव्हता, कुणाचा तरी एकाचा पगार महिन्याच्या महिन्याला येणं भाग होतं आणि त्यांचा माझ्यापेक्षा जास्त होता, एवढा साधा हिशोब. नणंद म्हणाली, आपल्या आज्यापणज्या गावात आणि आजोबा मुंबईत मनिऑर्डर करतायत, तुम्ही एवढं शिकून तिथेच जाऊन बसलात की. म्हटलं हो, पण त्यांना कुणी विचारलं नव्हतं, हे मी ठरवलंय.

सासूबाईंनाच पटलं नव्हतं. "हय येवन काय करतलंस गो तू?" असं रोज विचारायच्या. आता काय करणार हे मलाही धड माहीत नव्हतं, फक्त वाडीच्या बांधावर रातांब्याची, म्हणजे कोकमाची, जुनी झाडं होती आणि मे महिन्यात खाली लाल सडा पडून कुजत असायचा. आंबा-काजूला माणसं लावायची, फवारणी करायची, रातांब्याकडे बघायला वेळ कुणाला. घरापुरती आमसुलं झाली की संपलं.

या धंद्यात निर्णय घ्यायला वेळ मिळत नाही, ते बाहेरच्याला कळत नाही. एप्रिल-मे मध्ये फळ तयार होतं आणि जूनचा पाऊस आला की खेळ खलास, फळाला बुरशी. झाडावरून काढलेलं फळ आज नाहीतर उद्या फोडावंच लागतं. फोडल्यावर ठरवायचं की साल कशात घालायची. सरबताला घातली तर सालीच्या दुप्पट साखर लागते, म्हणजे साखरेचे पैसे आधी ओतायचे आणि ते सुटणार पुढच्या उन्हाळ्यात. आगळ केलं तर किलोला साधारण दीडशे ग्रॅम मीठ, ड्रममध्ये रोज ढवळायचं, भांडवल कमी आणि टिकतं पण छान. आमसुलं करायची तर साल परत परत रसात बुडवून वाळवायची, ऊन आणि बायकांचे हात दोन्ही पाहिजेत. एकदा साखर पडली की त्याचं आगळ होत नाही आणि मीठ पडलं की सरबत नाही. जे टाकलं ते वर्षभर विकत बसायचं.

2014 ला नवीन लागवड करायची ठरली तेव्हा घरात वाजलं. रातांब्यात नर झाड वेगळं आणि मादी वेगळं. बीपासून रोप केलं तर निम्मी झाडं नर निघू शकतात आणि ते कळायलाच सहा-सात वर्षं जातात, तोवर खत-पाणी फुकट. म्हणून दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कोकण अमृता जातीची कलमं आणली, ती पावसाच्या आधी हाताशी येते हे महत्त्वाचं. पण जिथे लावली त्या उतारावर माझ्या दिरांना हापूस हवा होता. जागा सामायिक, मी पुढे झाले, लावून मोकळी. भावजी बरेच महिने आमच्या पडवीत चढले नाहीत. 2018 मध्ये हापूसला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तेव्हा पहिला फोन त्यांचाच, "वहिनी, पेपर वाचलास?" मी म्हटलं आमच्या कोकमाला 2016 मध्येच मिळालंय. आता बोलतो आम्ही, गणपतीत आरतीला एकत्र असतो, पण उताराचा विषय दोघंही काढत नाही.

आता जे बाटलीवर कधीच छापणार नाही ते. आमच्या निम्म्याहून जास्त मालावर आमचं नावच नसतं. सुकी साल, बिनमिठाची, पोत्यात भरून एका व्यापाऱ्याकडे जाते, तिथून अर्क काढणाऱ्या कंपन्यांकडे. बियांचं पण तसंच, मुठेल, म्हणजे बियांचं घट्ट तेल, काढून साबण-क्रीमवाल्यांना. सुरुवातीला मला याची लाज वाटायची, प्रदर्शनात स्टॉलवाल्या बायका ब्रँड ब्रँड करतात ना. पण पोत्याचे पैसे महिन्यात येतात, बाटलीचे दुकानदाराच्या मनात येईल तेव्हा. वाडीतल्या बायका कामाला येतात त्यांना शनिवारी हातात पैसे लागतात, त्या काय ब्रँड मोठा होईपर्यंत थांबणार आहेत? त्यामुळे मुद्दाम लहान राहिलो. एका मोठ्या स्टोअरवाल्यांनी वर्षभर सरबत द्या म्हटलं होतं, भाव बरा होता, पण त्यांना रंग प्रत्येक बॅचला सारखा पाहिजे होता आणि कोकमाचा रंग काही माझ्या हातात नाही, तो सारखा ठेवायचा तर बाहेरून रंग घालावा लागतो. नाही म्हटलं. पुढे त्यांच्याच रॅकवर दुसऱ्याचं सरबत लालभडक उभं बघितलं, चांगलं खपत होतं. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी जेवण गेलं नाही.

मिस्टरांचं सांगायचं राहिलं. ते महिन्यातून एकदा तुतारीने यायचे, दादरहून रात्री बारानंतर सुटते, सकाळी कुडाळ. शनिवार-रविवार ड्रम हलवायचे, हिशोबाची वही बघायची, रविवारी परत. त्यांना बडोद्याला प्रमोशन मिळत होतं, ते सोडलं, कारण बडोद्याहून महिन्याला येणं जमलं नसतं. मी घेऊ नका असं म्हटलं नव्हतं, पण घ्या असंही म्हटलं नाही. त्यांच्या हाताखालचा माणूस बडोद्याला गेला, आता तो यांचा साहेब आहे. गावात यायचं ठरवलं मी आणि प्रमोशन गेलं त्यांचं. कधी भांडण झालं की बडोदा निघतं, आणि निघालं की मी गप्प बसते, कारण त्यावर उत्तर नाही.

मुलगी दहावीपर्यंत इथे शिकली. अकरावीला 2018 मध्ये वडिलांकडे डोंबिवलीला गेली. म्हणजे तिला घेऊन मी एकदा शहर सोडलं आणि तिनेच परत ते धरलं. बापलेक कुकर लावायला शिकले, मला व्हिडिओ कॉलवर डाळ दाखवायचे. लॉकडाऊन लागला तेव्हा ती दोघं तिकडे आणि मी नि सासूबाई इकडे, ऐन सीझन. पुढच्या वर्षी 16 मे ला तौक्ते वादळ आलं, तेव्हा तर फोनही लागत नव्हता, लाईट किती तरी दिवस नव्हती, तयार फळ सगळं जमिनीवर. सासूबाईंनी पदर खोचला नि म्हणाल्या, रडाचा नंतर, आधी येचून घे. वेचलं, चिखलातलं टाकलं, बाकी मिठात घातलं. त्या वर्षी फक्त आगळ झालं.

मुलगी आता नवी मुंबईत नोकरी करते. युनिटचं विचारलं तर स्पष्ट सांगते, आई, मला मे महिन्यात सुट्टी हवी असते, काम नाही. मला राग येत नाही. तिच्या वाट्याचे सगळे मे आम्ही फळं फोडण्यात घालवले, ती सालीवर मीठ टाकत पाढे म्हणायची.

मिस्टर पुढच्या वर्षी रिटायर होतायत आणि कायमचे इकडे येतायत. गंमत म्हणजे त्याचंच टेन्शन आलंय. इतकी वर्षं कुणाला न विचारता सगळं करायची सवय लागलीय आणि त्यांनी आत्तापासून फोनवर ड्रायर, बॉटलिंग मशीन, कर्जावर सबसिडी अशी यादी सुरू केलीय. मी सांगितलंय, पहिला सीझन ड्रम धुवायला उभे राहा, मशीनचं मग बघू. तयार आहेत म्हणाले. रोज किती देणार ते मात्र लगेच विचारलं.