दीपगृहांची पुस्तकं आणि बुडालेली जहाजं

दीपगृहांवरचं पुस्तक दिसलं की माझा हात जातोच, पण बऱ्याचदा पानं चाळून परत ठेवून देते. मावळतीचा सूर्य, पांढरा मनोरा, खाली फेसाळ लाटा, पान उलटलं की परत तेच. फोटो मस्त असतात, त्यात वाद नाही, पण हा मनोरा नेमका इथंच का बांधला, त्याआधी इथं काय काय आपटलं, यावर एक ओळ नसते. माझं सरळ मत आहे, ज्या दीपगृहाच्या पुस्तकात फुटलेली जहाजं नाहीत ते पुस्तक अर्धंच.

एडिस्टोनचंच घ्या. इंग्लंडमधल्या प्लिमथपासून वीसेक किलोमीटर आत समुद्रात हे खडक आहेत, भरतीला जेमतेम दिसतात. हेन्री विन्स्टन्लीने १६९८ मध्ये तिथं दीपगृह उभं केलं आणि आजवरचं सगळ्यात मोठं वादळ येईल तेव्हा मी आत असावं अशी त्याची इच्छा होती म्हणे. १७०३ च्या नोव्हेंबरात तसं वादळ खरंच आलं, तो आतच होता, आणि वादळ ओसरल्यावर बघितलं तर ना दीपगृह ना विन्स्टन्ली. त्यानंतरचं लाकडी दीपगृह १७५५ मध्ये जळालं. मग जॉन स्मीटनने दगड एकमेकांत अडकतील असे घडवून, जिगसॉ पझलच्या तुकड्यांसारखे, १७५९ मध्ये तिसरं बांधलं आणि ते मात्र हललं नाही. हललं नाही म्हणजे इतकं, की शेवटी मनोरा ठणठणीत राहिला आणि खालचा खडकच लाटांनी पोखरला! म्हणून शेजारच्या खडकावर १८८२ मध्ये चौथं आलं, आणि स्मीटनच्या मनोऱ्याचा वरचा भाग काढून प्लिमथला किनाऱ्यावर परत उभा केला. तो आज आत जाऊन चढता येतो, बुंधा अजून समुद्रातच आहे. एवढं माहीत असलेला माणूस प्लिमथला गेला तर काय बघेल आणि माहीत नसलेला काय बघेल, विचार करा.

प्रवाशांसाठीच्या पुस्तकात मी अजून एक गोष्ट शोधते, ती म्हणजे दिव्याची लय. प्रत्येक दीपगृहाला आपापली लय दिलेली असते, कुणी दर दहा सेकंदांनी एकदा चमकतो, कुणी लागोपाठ दोन-तीनदा चमकून मग थांबतो, आणि आसपासच्या दिव्यांची लय मुद्दाम वेगळी ठेवतात म्हणजे खलाशाला घड्याळ लावून कळतं की आपण कुठल्या किनाऱ्याला आहोत. दिवसा हेच काम रंग करतात, म्हणून ते पट्टे, ती वेटोळी, उगाच शोभेला नाहीत. पुस्तकात लय दिली असेल तर रात्री किनाऱ्यावर उभं राहून सेकंद मोजता येतात आणि लांबचा दिवा कुठला ते स्वतः ओळखता येतं, मुलांना तर हे भयंकर आवडतं. बाकी वर चढू देतात का, होडीतूनच बघावं लागतं का, ओहोटीची वेळ बघून जावं लागतं का, हे असावंच, पण ते हल्ली फोनवरही मिळतं.

मुलांच्या पुस्तकांबद्दल माझी जरा तक्रार आहे. मुलं घाबरतील म्हणून जहाज बुडतं ते दोन ओळीत उरकतात, नाहीतर मग थेट भुतं आणतात. अरे पण खरं कारण सांगा ना! स्वीडनचं वासा जहाज १६२८ मध्ये पहिल्याच फेरीत दीडेक किलोमीटरही न जाता बुडालं, दोन मजले तोफा, वरचा भार जास्त, आणि वाऱ्याने कलल्यावर तोफांच्या उघड्या झडपांतून पाणी आत. त्याआधी बंदरात तीस माणसांना डेकवर या कडेपासून त्या कडेपर्यंत पळवून चाचणी घेतली होती, जहाज इतकं डोलायला लागलं की चाचणीच थांबवली. आणि तरी सोडलं! दहा वर्षांच्या पोराला हे सांगून बघा, पुढचे प्रश्न थांबत नाहीत.

ग्रेस डार्लिंगचंही तसंच. सप्टेंबर १८३८, फोरफारशायर नावाची बोट खडकावर फुटली आणि इंग्लंडमधल्या लाँगस्टोन दीपगृहाच्या राखणदाराची बावीस वर्षांची मुलगी ग्रेस वडिलांबरोबर होडी वल्हवत गेली. खडकावर नऊ जण जिवंत होते, एका फेरीत सगळे मावत नव्हते. वडील खडकावर उतरले तेव्हा होडी आपटू नये म्हणून ती एकटी वल्ह्यांवर होती. पहिल्या फेरीत पाच जणांना आणलं, मग उरलेल्यांना आणायला वडील वाचलेल्या दोघांना घेऊन परत गेले आणि ग्रेस आणलेल्या लोकांना बघायला थांबली. काही चित्रांत मात्र ती एकटीच वादळाशी झुंजताना दिसते. खरी गोष्ट जास्त चांगली आहे असं नाही वाटत?

स्कॉटलंडजवळच्या फ्लॅनन बेटांचं तर विचारूच नका. डिसेंबर १९०० मध्ये तिथल्या दीपगृहाचे तिन्ही राखणदार गायब झाले हे खरं. पण पडलेली खुर्ची आणि टेबलावर तसंच राहिलेलं जेवण हे १९१२ च्या एका कवितेतून आलंय, आणि पुस्तकं ते पुरावा म्हणून छापत राहतात. चौकशी अहवालाचा निष्कर्ष साधा होता, पश्चिमेच्या धक्क्यावरचं सामान सांभाळायला ते खाली गेले असावेत आणि मोठ्या लाटेने ओढून नेलं असावं. रहस्याच्या पुस्तकात हा अहवाल आहे का ते मी आधी बघते, नसेल तर पैसे वाया.

आणि जुनी पुस्तकं घेताना सालही बघा. १९८५ मध्ये टायटॅनिक तळाशी दोन तुकड्यांत सापडलं, त्याआधीच्या बऱ्याच पुस्तकांत ते अखंडच बुडतं. अंटार्क्टिकाच्या मोहिमेवर निघालेल्या शॅकल्टनचं बुडालेलं जहाज एंड्युरन्सही २०२२ मध्ये सुमारे ३००० मीटर खोल सापडलं, मागच्या बाजूला नाव अजून वाचता येतंय, त्यामुळे ‘ते कधीच सापडलं नाही’ असं छापलेली प्रत मुलाला देणार असाल तर शेवटच्या पानावर पेन्सिलने तेवढं लिहून द्या.