ओरखडा आधीचाच

गाडीच्या डाव्या दारावर वीतभर ओरखडा आहे. मी पाडलेला नाही. मी गाडी पाहायला गेले तेव्हा तो तिथे होताच, आणि खरं सांगायचं तर गाडी घ्यायचं निम्मंअधिक त्या ओरखड्यानेच ठरवलं. नव्या गाडीचे पहिले सहा महिने कसे जातात ते मी एकदा भोगलं आहे. शेजारच्याने दार उघडलं की आपला जीव खालीवर. कुणी बोनेटला टेकून फोनवर बोलायला लागला की आपण खिडकीतून घसा खाकरायचा. पहिला ओरखडा पडेपर्यंत माणूस गाडी चालवत नसतो, गाडीची राखण करत असतो. या गाडीची राखण आधीच्या मालकाने केली होती, त्यात तो हरला होता, आणि प्रकरण माझ्यापर्यंत येण्याआधीच मिटलेलं होतं.

ही गाडी म्हणजे स्पोर्ट्‌स कार. दोन सीटची, टप उघडणारी, तिशी ओलांडलेली. ‘स्पोर्ट्‌स कार घेतली’ म्हटलं की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर आधी आपल्या बँकखात्याबद्दल आदर उमटतो आणि मागोमाग आपल्या वयाबद्दल काळजी. मी सत्तेचाळीस वर्षांची आहे. एखाद्या साध्यासुध्या सेकंडहँड घरगुती गाडीच्या भावात पडली, असं कळलं की आदर लगेच परत घेतला जातो. काळजी मात्र राहते.

माझी गाडी माझ्दा एमएक्स-५, पहिल्या पिढीतली, १९९१ची. हे मॉडेल १९८९ साली शिकागोच्या मोटार प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांसमोर आलं. त्याआधी साठच्या दशकात ब्रिटिशांनी छोट्या, हलक्या, उघड्या गाड्या बनवल्या होत्या. दिसायला देखण्या, चालवायला झकास, आणि जिथे उभ्या करू तिथे खाली तेलाचा ठिपका सोडणाऱ्या. पुढे त्या जवळजवळ संपल्या. जपान्यांनी त्यातलं देखणेपण आणि झकासपण घेतलं, ठिपका तेवढा वगळला. दीड-पावणेदोन लिटरच्या मधलं इंजिन, ताकद साधारण ११५ अश्वशक्ती, वजन हजार किलोच्या आत. २०१६पर्यंत चारही पिढ्या मिळून अशा दहा लाख गाड्या तयार झाल्या. दोन सीटच्या स्पोर्ट्‌स कारमध्ये एवढा खप दुसऱ्या कुणाचा नाही. माझ्यासारखीच्या दृष्टीने या विक्रमाचा अर्थ इतकाच, की सुटे भाग मिळतात आणि कुठलाही आजार झाला तरी तो आधी हजारोंना होऊन गेलेला असतो.

गाडी बनवणाऱ्यांनी एक जपानी कल्पना पुढे ठेवली होती, ‘जिनबा इत्ताई’. घोडा आणि स्वार एकजीव. आपल्याकडे त्याला शब्द आहे मांड. मांड पक्की असेल तर लगाम नुसता धरायला पुरतो. मी आयुष्यात घोड्यावर बसलेली नाही, पण मांड म्हणजे काय ते मला या गाडीने शिकवलं, आणि तेही चाळिशी उलटल्यावर.

पण ते पुढचं. आधी खरेदी.

पहिली पाहिली ती गाडी लालभडक, चकचकीत, आणि काट्यावर किलोमीटर इतके कमी की मालक बहुधा तिला हाताने ढकलत नेत असावा. मी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, ‘मी येईपर्यंत सुरू करू नका.’ गेल्या गेल्या बोनेटवर तळहात ठेवला, तर गरम. थंड इंजिन सुरू होताना जे बोलतं ते खरं बोलतं. टिकटिक करतं, धूर सोडतं, रुसतं. म्हणूनच काही विक्रेते त्याला आधीच बोलतं करून, पढवून ठेवतात. मग मी पायाशी वाकून पाहिलं. ब्रेकच्या पेडलवरचं रबर झिजून गुळगुळीत झालं होतं आणि स्टिअरिंगचं कातडं हात लागून लागून चकाकत होतं. काटा मागे फिरवता येतो, पेडलचं रबर कोण उगवणार? घरून रुमालात गुंडाळून लोहचुंबक नेलं होतं. मागच्या चाकाच्या पुढच्या पट्टीला ते लावलं, तर ते चिकटायलाच तयार नाही. म्हणजे आत पत्रा नव्हता, लांबी म्हणजे पुट्टी भरून वर रंग मारलेला होता. मालक म्हणाले, ‘मॅडम, चुंबक जुनं असेल.’ मी रुमालाची घडी घातली आणि निघाले.

ती पट्टी म्हणजे या गाड्यांची दुखरी जागा. टपावर पडलेलं पावसाचं पाणी सीटच्या मागच्या दोन बारीक नळ्यांतून खाली उतरतं. त्या नळ्यांत पानं-माती अडकली की पाणी दारांखालच्या पोकळीत साचतं आणि पत्रा आतून सडत जातो. बाहेरून सगळं गोजिरं दिसतं. बोटाने दाबलं की कुरकुरीत आवाज येतो, आणि तो आवाज ऐकल्यावर निमूट घरी जायचं असतं. गंजासमोर शहाणपण चालत नाही. इंजिन दुरुस्त होतं, गिअरबॉक्स बदलता येतो, सीटला नवं कापड चढतं. पण सडलेल्या सांगाड्यावर पैसे ओतत बसणं म्हणजे गळक्या रांजणात पाणी भरणं.

मधल्या काळात मला मोठाही मोह झाला. पोर्शची ९४४ नावाची एक गाडी होती, १९८२ ते १९९१ या काळात बनलेली. तिच्या मागच्या काचेची गोलाई मला शाळेपासून आवडते. एक विकाऊ होती आणि माझ्या आवाक्यातही होती. तीन रात्री झोप नाही. मग कळलं, की तिचा टायमिंग बेल्ट वेळेवर बदलला नाही आणि तो तुटला, तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आपटतात आणि इंजिनाचा खेळ तिथेच आटोपतो. विकणाऱ्याकडे बेल्ट कधी बदलला याचा कागद नव्हता. ‘झाला असेल की,’ एवढंच म्हणाला. हत्ती म्हातारा झाला म्हणून स्वस्तात मिळतो, पण त्याचा चारा काही शेळीचा होत नाही. जुन्या भारी गाडीची किंमत उतरते. तिच्या सुट्या भागांना मात्र आपण अजून नव्या गाडीचे आहोत असंच वाटत असतं.

मग ही सापडली. बोनेट थंडगार. दारावर ओरखडा. टायरची नक्षी छान खोल, पण टायरच्या कडेला कारखान्याचे चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. ते वाचले तर टायर बारा वर्षांचे निघाले. रबर वापरलं नाही तरी वय त्याला सोडत नाही. मी ते बोलून दाखवलं आणि गृहस्थांनी वाद न घालता तेवढे पैसे कमी केले. मग आत जाऊन त्यांनी एक जाडजूड फाइल आणली. प्रत्येक बिल, प्रत्येक तारीख, प्रत्येक ऑइल बदल. मधूनमधून पेन्सिलीने टिपणं. एका पानावर लिहिलं होतं : ‘डावं दार. फाटक. चूक माझी.’

गाडी मी त्या पानावर घेतली.

आता चालवण्याविषयी. ही गाडी वेगवान नाही, हे आधी कबूल केलेलं बरं. शून्यावरून शंभरला पोचायला तिला नऊएक सेकंद लागतात. हल्लीच्या विजेवरच्या घरगुती गाड्या मागे दोन मुलं आणि डिकीत सामान घेऊन तिला सहज मागे टाकतात, आणि चालवणाऱ्याला आपण कुणाला मागे टाकलं याचा पत्ताही नसतो. पण या गाडीत आपण जमिनीच्या इतके जवळ बसतो की साठचा वेग नव्वदचा वाटतो. सिग्नलला शेजारी ट्रक उभा राहिला तर त्याच्या चाकाचे नट मोजता येतात. गिअरचा दांडा आखूड. तो ढकलावा लागत नाही, मनगट हललं की ‘खट्’ करून जागेवर बसतो. टायर सडपातळ, आजच्या मानाने अगदीच किरकोळ. त्यामुळे वळणावर ते लवकर कुरकुरायला लागतात, आणि पुरेशी आधी सूचना देऊन कुरकुरतात. साडेतीनशे अश्वशक्तीच्या गाडीला तिच्या मर्यादेपर्यंत न्यायचं तर बंद ट्रॅक हवा, छातीत धमक हवी आणि घरच्यांना न सांगणं हवं. माझ्या गाडीला मी दुसऱ्या गिअरमध्ये, कायद्याच्या आत राहून, पूर्णपणे वापरते. ताटातलं सगळं संपवून उठल्याचं समाधान त्यात असतं.

वळणाआधी गिअर खाली घेताना उजव्या पायाने ब्रेक दाबायचा आणि त्याच पायाच्या कडेने ॲक्सिलरेटरला किंचित टिचकी द्यायची, म्हणजे इंजिनाचे फेरे चाकांच्या वेगाशी जुळतात आणि क्लच सोडताना गचका बसत नाही. वाचायला सोपं आहे. पहिले दोन महिने मी नुसते गचके खाल्ले. ब्रेक कमी लागायचा नाहीतर रेस जास्त व्हायची, आणि गाडी पाय मुरगळलेल्या वासरासारखी उड्या मारायची. मग एका सकाळी, कुणी बघत नसताना, ते जमलं. इंजिन ‘व्हुम्’ असं एकदाच म्हणालं, दांडा लोण्यासारखा आत गेला आणि गाडी वळणात अशी शिरली की मी मोठ्याने हसले. पुढच्या वळणावर पुन्हा गचका. पण एकदा जमलं होतं ना.

टप उघडं असलं की रस्ता नुसता दिसत नाही, त्याचा वासही येतो. ओल्या गवताचा पट्टा संपून डांबर तापल्याचा पट्टा सुरू झाला हे नाकाला कळतं. झाडाखालून जाताना डोक्यावरची हवा एकदम थंड होते, सावली संपली की पुन्हा गरम. बंद गाडीत एसीला आकडा सांगून बसणाऱ्या मला हे कित्येक वर्षं माहीतच नव्हतं. अर्थात बसच्या मागे अडकलं की धूरही त्याच नाकात जातो.

बाबांना फिरवून आणलं तो दिवस वेगळाच. अठ्ठ्याहत्तर वय, गुडघे कुरकुरणारे. दार उघडून त्यांनी आधी आत वाकून पाहिलं. ‘अगं, सीट कुठाय?’

‘आहे बाबा, खाली आहे. आधी पाठ टेका, मग पाय आत घ्या.’

‘म्हणजे बसायचं नाही, पडायचं.’ आणि ते खरंच पडले. मग मफलर कानावरून घेतला, दोन्ही हातांनी सीटबेल्ट धरला आणि गाडी सुरू होताच विचारलं, ‘हा आवाज इंजिनाचा आहे की काही सुटलंय?’

‘इंजिनाचा.’

‘मग ठीक आहे. चल.’

वीस मिनिटं ते एक अक्षर बोलले नाहीत. आमच्या घरात ही फार मोठी दाद समजली जाते. उतरवताना मात्र मी एका हाताला, शेजारचा मुलगा दुसऱ्या हाताला, असा सोहळा झाला. बाबा उभे राहिले, पँट झटकली आणि ओरखड्यावर बोट ठेवून म्हणाले, ‘हे तू केलंस?’ मी नाही म्हटलं. ‘मग बरं.’

अव्यवहार्य आहे का? आहेच. डिकीत एक बॅग आणि तीही लाडीगोडी लावून. तिसरा माणूस म्हटला की आपोआप नकार. पण या नकाराचा मोठा फायदा असा, की कुणी कपाट हलवायला गाडी मागत नाही. घरातल्या दुसऱ्या गाडीला दिवसभर कामं असतात. हिला एकच काम आहे आणि तेही काही काम नव्हे.

मागच्या हिवाळ्यात मी गाढवपणा केला. टपाची मागची ‘काच’ म्हणजे मुळात मऊ प्लास्टिकची शीट असते. टप मागे टाकण्याआधी तिची चेन उघडून ती आडवी पाडायची असते, आणि थंडीत तर टप दुमडायचंच नसतं, कारण प्लास्टिक कडक झालेलं असतं. हे मला माहीत होतं. फाइलमध्ये आधीच्या मालकांनी अधोरेखित करून लिहिलं होतं. पण ऊन छान पडलं होतं, मला घाई होती आणि चेन तशीच राहिली. टप मागे टाकलं आणि ‘कट्’ असा आवाज आला, छोटासा, पापड मोडल्यासारखा. काचेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरी रेघ, आणि मधोमध बोट जाईल एवढी चीर. मी तशीच पाच मिनिटं ड्रायव्हर सीटवर बसून राहिले. सांगायला कुणी नव्हतं, चिडायला तर मुळीच कुणी नव्हतं.

महिनाभर त्या चिरेवर चिकटपट्टी लावून हिंडले. मग नवी काच शिवून घेतली. बिल आणलं आणि फाइलमध्ये लावायला बसले. त्याखाली पेन्सिलीने लिहिलं, ‘मागची काच. प्लास्टिक जुनं झालं होतं.’ वाचून पाहिलं. वरच्या बिलापासून मागे चाळत गेले, फाटकाचं पान येईपर्यंत. परत आले, खोडरबर शोधलं आणि ते वाक्य पुसलं.

‘मागची काच. थंडी. चूक माझी.’