डीसी जॅक, दुसरी खेप

महिन्यापूर्वी लॅपटॉपच्या डीसी जॅकच्या, म्हणजे चार्जरची पिन जिथे खुपसतो त्या खोबणीच्या, जुन्याच डाखावर (सोल्डरवर) सोल्डरिंग आयर्न टेकवून 'झालं' म्हणालो होतो. जेमतेम तीन आठवडे टिकलं. पिन वर उचलून धरली की दिवा लागतो, सोडली की जातो. वायरीखाली काड्यापेटी सरकवून दोन दिवस ढकलले, शनिवारी उघडलाच.

आधी मीटर लावला. अ‍ॅडॉप्टर १९.२ व्होल्ट देतोय, वायर पिळली तरी आकडा ढळत नाही. म्हणजे दुखणं आत. मागचे स्क्रू काढून सगळ्यात आधी बॅटरीची केबल सोडवली. ही पायरी गाळू नका, अ‍ॅडॉप्टर काढला तरी बोर्डात बॅटरीचा दाब असतोच. भिंगातून पाहिलं तर पॉझिटिव्ह पायाच्या डाखाभोवती केसाएवढी गोल चीर, आणि जॅकमधली पत्रीही सैल. नुसत्या डाखाने भागणार नव्हतं.

पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या तापकीर गल्लीत दुकानदाराने पाच नमुने काउंटरवर ओतले. तोंड सगळ्यांचं ५.५ बाय २.५ मिलिमीटर, पायांची मांडणी मात्र प्रत्येकाची निराळी. जुना जॅक अजून बोर्डावरच होता. नेला होता फक्त मोबाइलवरचा फोटो आणि मोजमापं.

रविवार जॅकच्या ग्राउंडच्या (निगेटिव्ह) पायांनी खाल्ला. ते बोर्डाच्या आतल्या तांब्याच्या थरांना जोडलेले असतात, थर सगळी उष्णता पिऊन टाकतात. माझं २५ वॉटचं आयर्न तिथे नुसतं कोमट होत होतं. त्यात कारखान्याचा डाख बिनशिशाचा, २१७ अंशांच्या आसपास वितळणारा. मित्राकडून ६० वॉटचं आणलं, रुंद टोक लावलं, फ्लक्स (डाख नीट वाहावा म्हणून लावतात तो) सढळ हाताने ओतला आणि आपला ६३/३७, म्हणजे कथील-शिशाचा डाख, त्यात मिसळला. तो १८३ ला वितळतो, त्यामुळे मिश्रण लवकर नरमलं आणि विकवर (डाख शोषणाऱ्या तांब्याच्या जाळीदार पट्टीवर) ओढता आलं.

मग हुरळून पक्कड लावली. पॉझिटिव्ह पायाबरोबर छिद्रातली तांब्याची नळीही बाहेर आली! मीटर लावला तर फ्यूजपर्यंत बीप येईना, म्हणजे जोडणीच तुटली. चार्जर ६५ वॉटचा, म्हणजे जवळपास साडेतीन अँपिअर, तिथे केसासारखी तार चालत नाही. जुन्या चार्जरची जाड वायर कापून पायापासून फ्यूजपर्यंत जंपर (जोडतार) टाकला. प्लस-ग्राउंड शॉर्ट नाही हे तपासलं, मगच बॅटरी जोडली. चार्जिंग सुरू, पिन हलवली तरी दिवा स्थिर.

जॅकमागचा प्लॅस्टिकचा टेकू मात्र तुटलेला सापडला. सगळा भार इतके दिवस डाखावरच येत होता. तिथे एपॉक्सी लावलीय, उद्या सकाळपर्यंत झाकण बंद करणार नाही.