प्रोफाइलवर सर्वनाम नको, वाक्य लिहा

किनाऱ्यावरच्या जीवांचे फोटो टाकणाऱ्यांचा आमचा एक डिस्कॉर्ड सर्व्हर आहे, म्हणजे डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपवरचा ग्रुप. देवगडपासून रेडीपर्यंतची माणसं त्यात आहेत, काही मुंबई-पुण्याला नोकरीला गेलेली, काही कोल्हापूरहून सुट्टीत घाट उतरून येणारी. ओहोटीला खडकात जे दिसलं ते नेमकं काय, यावर रात्री उशिरापर्यंत चर्चा रंगते. मी तिथली एक मॉडरेटर. दिवसा वेंगुर्ल्यात झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान चालवते. नवीन येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही हल्ली एक गोष्ट सुचवतो. इतर मराठी ग्रुपांनीही ती करावी असं मला मनापासून वाटतं: नावाखाली नुसतं सर्वनाम लिहू नका, आपल्याबद्दल कसं बोलायचं ते दाखवणारं एक आख्खं वाक्य लिहा.

इंग्रजी ग्रुपांवर आपला उल्लेख कोणत्या सर्वनामाने करावा हे कळावं म्हणून लोक नावापुढे 'शी/हर' किंवा 'दे/देम' लिहितात. कुणी 'झी/झेम', 'एय/एम' अशी नव्याने घडवलेली सर्वनामं लिहितात. हे काल-परवाचं खूळ आहे असं म्हणणाऱ्यांनी जरा मागे बघावं. अमेरिकेतल्या चार्ल्स कन्व्हर्स यांनी सुचवलेलं 'थॉन' हे बाई-पुरुष दोघांना चालणारं इंग्रजी सर्वनाम १८८४ साली छापून आलं होतं. इंटरनेट घराघरांत पोचायच्या आधी लॅम्डामू नावाच्या, फक्त मजकुरावर चालणाऱ्या आभासी जगात लिंगाच्या पर्यायांमध्ये 'स्पिव्हाक' हाही पर्याय होता, म्हणजे लिंग न दाखवणाऱ्या सर्वनामांचा एक संच. तो निवडला की यंत्रणा तुमच्याबद्दलच्या वाक्यांत ती सर्वनामं आपोआप घालायची. स्वीडिश अकादमीच्या शब्दकोशात 'हेन' हे लिंग न दाखवणारं सर्वनाम २०१५ साली आलं.

पण इंग्रजीत सर्वनाम कळलं की काम झालं, कारण तिथे क्रियापद बाईसाठी वेगळं आणि पुरुषासाठी वेगळं नसतं. आपल्याकडे 'झी' लिहिलं तरी प्रश्न उरतोच. झी आला, आली, की आलं? दमलेला की दमलेली? कुठला, कुठली? शिवाय मराठीत माणूस स्वतःबद्दल बोलतानाही लिंग सांगून मोकळा होतो. 'मी पोचलो' म्हटलं की समोरचा अंदाज बांधतो, आणि तो अंदाज चुकू शकतो. कोल्हापूरकडच्या बायका 'मी आलो', 'मी जातो' सर्रास म्हणतात. आमच्या ग्रुपवरच्या तिकडच्या एका ताईंना महिनोन्महिने सगळे 'दादा' म्हणत होते. आता त्यांच्या नावाखाली लिहिलेलं आहे: 'मी आलो, पण ताई आली म्हणा.' म्हणजे या वाक्याचा उपयोग फक्त नॉनबायनरी (स्वतःला फक्त बाई किंवा फक्त पुरुष न मानणाऱ्या) किंवा पारलिंगी माणसांनाच होतो असं नाही.

मला ही गोष्ट खऱ्या अर्थाने कळली ती कालवमुळे. कालव हे टोपणनाव. त्याच्या परवानगीनेच लिहिते आहे. परदेशी ग्रुपांवर ते 'झी/झेम' वापरतं. आमच्याकडे आल्यावर त्याने लिहिलं: 'ता इला, तेका सांगा.' म्हणजे प्रमाण मराठीत 'ते आलं, त्याला सांगा.' मालवणीत चेडू, म्हणजे मुलगी, नपुंसकलिंगी असतं, 'चेडू इला' असंच म्हणतात. लहानपणी घरात आपल्याला असंच हाक मारायचे, तेवढंच एक रूप कधी टोचलं नाही, असं त्याने मला नंतर सांगितलं. मी प्रमाण मराठीत लिहिते तेव्हा 'कालव आलं', 'त्याला' असं लिहिते, तेही त्याला चालतं.

इथे एक गोष्ट ठासून सांगायची आहे. एखाद्याला न विचारता 'ते आलं' मधलं नपुंसकलिंगी 'ते' म्हणणं हा अपमान आहे. बाजारात तृतीयपंथी माणसांना तसं हिणवलेलं मी कानांनी ऐकलं आहे. कालवने 'ता' स्वतः निवडलं, म्हणून ते त्याचं आहे. दुसऱ्या कुणाला परस्पर लावायचा हक्क मला नाही, तुम्हालाही नाही.

लिहून दाखवणं सोपं असतं, वापरायला सराव लागतो. समोर असलेल्या माणसाला 'तुम्ही' म्हटलं की बरंचसं निभावतं, त्यामुळे खरी परीक्षा ते माणूस तिथे नसतानाच होते. म्हणून आम्ही 'सराव' नावाचं वेगळं चॅनल केलं. रोज कुणीतरी दुसऱ्या कुणाबद्दल एक साधं वाक्य टाकतं: काल निवतीला कोण गेलं, कुणाला काय सापडलं. चुकलं तर दुसरा फक्त बरोबर रूप लिहितो. माफीनामे नाहीत, भाषणं नाहीत. आमच्यात एक निवृत्त शिक्षक आहेत. सुरुवातीला व्याकरण बिघडतं म्हणून त्यांनी वाद घातला होता, पण सरावाला ते रोज हजर असायचे. गेल्या हिवाळ्यात निवतीच्या खडकांवर आम्ही प्रत्यक्ष भेटलो तेव्हा गुडघाभर पाण्यातून त्यांची हाक आली, "कालव खय रवला? तेका बोलवा रे, हय तारामासो गावलो!" कालव धावत गेलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

कुणावर सक्ती मात्र करायची नाही. आमच्याकडे आडनाव सांगितलं की वाडी कळते, आणि वाडी कळली की मामा कोण तेही कळतं. एक स्क्रीनशॉट घरापर्यंत पोचायला वेळ लागत नाही. म्हणून वाक्याची जागा रिकामी ठेवली तर आम्ही कारण विचारत नाही. ज्यांना फक्त आमच्यापुरतं सांगायचं आहे त्यांच्यासाठी सर्व्हरवर रोल, म्हणजे नावाला लावायच्या खुणा, ठेवले आहेत, ते बाहेर दिसत नाहीत. मुख्य प्रोफाइलवर लिहिलं तर ते तुमच्या दुसऱ्या ग्रुपातल्या माणसांनाही दिसतं, हे नवीन मुलांना आम्ही आधीच सांगतो.

आणि माहीत नसेल तेव्हा मराठीतच भरपूर वाटा आहेत. 'तुम्ही आलात' सगळ्यांना चालतं, 'यांनी फोटो टाकला' चालतं, 'उद्या येईल' चालतं. मालवणीत तर 'तो जाता', 'ती जाता', 'ता जाता', क्रियापद एकच. नवीन माणूस आलं की आपोआप संदेश टाकणाऱ्या स्वागताच्या बॉटचं 'अमुक आला आहे' हे तयार वाक्य बदलून आम्ही 'अमुक यांचं स्वागत' केलं. पाच मिनिटांचं काम होतं.

सध्या आमच्या फोटोंचं छोटं प्रदर्शन भरवायची तयारी चालू आहे. प्रत्येक फोटोखाली काढणाऱ्याची दोन ओळींची ओळख, ज्याची त्याने लिहिलेली. कालवची मालवणीत आहे: 'ता मुंबयसून निवतीक इला आणि हयच रवला.' छपाईवाल्याचा काल फोन आला, इथे 'इलो' हवं की 'इली'? मी म्हटलं, लिहिलंय तसंच छापा. बाकीच्या ओळखी अजून यायच्या आहेत. सर्व्हरवरच्यांनी रविवारपर्यंत पाठवा, आणि आपलं वाक्य आपणच एकदा मोठ्याने वाचून बघा.