तुम्ही विचारलंत म्हणून: होय, अळू खाते

‘तू? आणि अळूचं फतफतं?’ दर पितृपक्षात तुम्हा भावंडांपैकी कुणीतरी विचारतंच. पाठोपाठ, ‘मग आमच्या पोरालाही शिकव की, दोडका बघितला की ताट सरकवतो.’ दरवेळी हसून टाळते. यंदा नाही.

मी काही शिकले-बिकले नाही.

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या घरातली ती श्राद्धाची पंगत तुम्हाला आठवते. तुम्ही हात धुवून गच्चीवर पळालात. मी 8 वर्षांची, ताटासमोर एकटी, आणि पुढ्यात आत्या. पानात टाकायचं नाही, त्यातून श्राद्धाचं. शेंगदाणे आणि खोबऱ्याचे तुकडे मी आधीच वेचून संपवले होते. उरला तो हिरवा लगदा, गार होऊन वर साय धरलेला. उष्टी निघाली, फरशी पुसून झाली, माझ्या ताटाभोवतीचा चौकोन तेवढा कोरडा राहिला. शेवटी डोळे मिटून गिळलं. ‘घसा खाजतोय,’ म्हटलं. ‘नखरे!’ आत्या म्हणाली आणि उठली.

रात्री आजीने गुपचूप चिंचगुळाची गोळी दिली. एक स्वतःच्याही तोंडात टाकली. म्हणजे तिचाही घसा खाजत होता! सगळ्यांचाच खाजत असणार. बोललं कुणी नाही.

अळूत कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, कच्चं राहिलं की घशाला टोचतात, हे कॉलेजात कळलं. मग कितीतरी वर्षं हे वाक्य मी भेटेल त्याच्या तोंडावर फेकत होते. पण खरं सांगू? कोपऱ्यावरच्या फरसाणवाल्याचा पात्रा, म्हणजे गुजराती अळूवडी, तीही अळूचीच, मी बोटं चाटून खायचे. मला तो बुळबुळीतपणा नको होता, बस. स्फटिक नंतर मदतीला आले.

खायला लागले ते लग्नानंतर, घरात कुणी नसताना. खंडेराव मार्केटमधून पानं आणली, हाताला तेल लावून चिरली, हरभऱ्याची डाळ घातली, चिंच जरा जास्तच. मऊ शिजल्यावर चमच्याच्या टोकावर येईल एवढंच चाखलं, बाकी नवऱ्याच्या डब्यात. महिन्याने पुन्हा तेवढंच. मुलांना नवी चव 8 ते 15 वेळा द्यावी लागते म्हणतात. मी मोजलं नाही. समोर कुणी बसलेलं नव्हतं, एवढं खरं.

‘म्हणजे जबरदस्ती करायची नाही, असंच ना?’ थांबा. आत्याने बसवलं नसतं, तर मी अळूच्या इतकी मागे लागले असते का? दोडक्याच्या नाही लागले. आणि आता आवडतं की नुसतं भांडण संपलंय, तेही सांगता येत नाही.

गेल्या वर्षी मुलाच्या पानात कारलं उरलं. ‘संपवल्याशिवाय उठायचं नाही,’ मी म्हणाले. आवाज आत्याचा. तो हुं की चूं न करता बसून राहिला, पाणी पीत. पाचेक मिनिटांनी मीच ताट उचललं आणि ओट्याशी उभं राहून उरलेल्या फोडी खाल्ल्या. मला कारलं आवडत नाही.