आमची वाटचाल : प्रतिक्रियांना हक्काची जागा

कोल्हापुरात राजारामपुरीत आमचं छोटं सॉफ्टवेअरचं ऑफिस आहे. सुरुवातीची कामं दुकानांच्या वेबसाइटची. मग एका मासिकाचं काम आलं आणि आमची दिशाच ठरली.

त्यांना लेखांखाली वाचकांच्या प्रतिक्रिया हव्या होत्या. पुढे फोटो आले, पाककृती आल्या, ऑडिओ कथा आल्या. प्रत्येकाच्या प्रतिक्रियांसाठी डेटाबेसमध्ये वेगळं टेबल, म्हणजे ओळी-रकान्यांचा तक्ता, करणं सोपं होतं. पण संपादकीय विभागातल्या ताईंना रोज सकाळी सगळ्या नव्या प्रतिक्रिया एकाच यादीत तपासायच्या असत. नवा प्रकार आला की त्या यादीची क्वेरी, म्हणजे डेटाबेसकडून ती मागवणारी आज्ञा, पुन्हा उघडायची, हे मला पटेना.

आम्ही जँगो या वेबसाइट बनवण्याच्या फ्रेमवर्कवर काम करतो. जँगोसोबत पूर्वी प्रतिक्रियांचं तयार अ‍ॅप यायचं. २०१५ च्या १.८ आवृत्तीत ते काढलं गेलं. त्यामागची रचना मात्र आजही वापरात आहे: एका कॉलममध्ये मजकुराचा प्रकार, दुसऱ्यात त्याचा क्रमांक. रेल्स या दुसऱ्या फ्रेमवर्कवाले हिला पॉलिमॉर्फिक असोसिएशन म्हणतात. एकच टेबल, कितीही प्रकार.

अडचण एवढीच, की या जोडीवर फॉरेन की, म्हणजे दुसऱ्या टेबलातली ओळ खरंच असल्याची डेटाबेसची हमी, लावता येत नाही. क्रमांक ४२ लेखाचा की फोटोचा, हे शेजारच्या कॉलमवरून ठरतं. त्यामुळे तो मजकूर खरंच आहे का, हे डेटाबेस तपासू शकत नाही. कुणी थेट डेटाबेसमधून लेख उडवला, की त्याखालच्या प्रतिक्रिया निराधार होतात. वाचकानं वेळ काढून, मनापासून लिहिलेलं असं लोंबकळत राहावं, हे मला मान्य नाही.

म्हणून आम्ही मध्ये ‘चर्चा’ नावाचं टेबल घातलं. लेख असो की पाककृती, तयार होतानाच तिची चर्चेची ओळ तयार होते. प्रतिक्रिया चर्चेला फॉरेन कीनं बांधलेली, मजकूरही तिलाच बांधलेला. प्रतिक्रिया असलेली चर्चा डेटाबेस पुसूच देत नाही. लेख काढला तरी शीर्षकासह चर्चा जागेवर राहते. ताईंची यादीही एका जोडणीत निघते, कारण शीर्षक चर्चेतच असतं. दोन-तीनच प्रकार असतील तर आम्ही प्रत्येकाचा वेगळा फॉरेन की कॉलम ठेवतो आणि त्यांतला नेमका एकच भरलेला असावा अशी चेक अट घालतो, पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ९.६ आवृत्तीपासून त्यासाठी भरलेले कॉलम मोजणारं ‘नम-नॉननल्स’ हे फंक्शन आहे.

साठवण एक असली तरी वागणूक एक नसते, हे आम्ही वाचकांकडून शिकलो. पाककृतीखाली प्रश्न येतात, “गुळाऐवजी साखर चालेल का?” तिथे लेखिकेचं उत्तर वर दिसायला हवं. कथेखालची प्रतिक्रिया पत्राएवढी लांब असते, ती ‘आणखी वाचा’मागे आम्ही दडवत नाही. ऑडिओखाली लोक मिनिट-सेकंद लिहितात, त्यावर बोट ठेवलं की तिथूनच कथा सुरू होते.

याच रचनेवर पुढे शेतीविषयक माहिती देणाऱ्या एका संस्थेचं काम मिळालं. तिथे पीकवार प्रश्न येतात. सध्या मासिकाला शब्दकोडी हवी आहेत, पण उत्तरं छापून येईपर्यंत त्यांखालच्या प्रतिक्रिया दिसता कामा नयेत. चर्चेच्या टेबलात खुली होण्याची तारीख घालून ते काम सुरू केलं आहे.